ग्राफ डेटासाठी क्लाउड डेटाबेसचा इंटरफेस कसा निवडावा

मायक्रोसॉफ्टच्या अझूर कॉसमॉस डीबी या क्लाउड डेटाबेसचं नवं खातं उघडायला गेलं की सुरुवातीलाच विचारणा होते: एपीआय (डेटाबेसशी बोलायचा मार्ग) कुठला हवा? नोएसक्यूएल, मोंगोडीबी, कॅसँड्रा, टेबल की ग्रेमलिन? डेटात 'नाती' आहेत म्हटल्यावर हात आपसूक ग्रेमलिन या ग्राफच्या भाषेकडे जातो. पण त्या खात्याचा एपीआय पुढे बदलता येत नाही. मत बदललं तर नवं खातं उघडायचं आणि सगळा डेटा तिकडे हलवायचा. बाकीच्या सेवा हा प्रश्न इतक्या उघडपणे विचारत नाहीत, पण निवड तिथेही करावीच लागते. अ‍ॅमेझॉन नेपच्यूनवर ग्रेमलिन, ओपनसायफर आणि स्पार्कल अशा तीन भाषांचे दरवाजे आहेत, निओफोरजे ऑरावर सायफर आहे, गूगलच्या स्पॅनर ग्राफवर जीक्यूएल.

'इंटरफेस' या शब्दात इथे तीन गोष्टी येतात: क्वेरीची (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाची) भाषा, ड्रायव्हर (तुमच्या कोडला डेटाबेसशी जोडणारी लायब्ररी) ज्या प्रोटोकॉलने सर्व्हरशी बोलतो तो, आणि नोड (ग्राफमधले बिंदू) व त्यांना जोडणारे दुवे डिस्कवर कसे मांडले जातात ते. पहिल्या दोन चुकल्या तर थोडं कोड पुन्हा लिहून निभावतं. तिसरी चुकली तर महिन्याचं बिल आणि क्वेरीचा वेग दोन्ही हाताबाहेर जातात. निवड बहुतेक वेळा भाषेच्या आवडीवरून होते आणि फटका मात्र मांडणीचा बसतो, म्हणून या लेखात मांडणीला जास्त जागा दिली आहे.

उदाहरण सगळीकडे एकच घेऊ: पेमेंट सेवेतली फसवणूक शोधणं. खाती, उपकरणं आणि फोन नंबर हे नोड. 'वापरतं' आणि 'पैसे पाठवले' हे दुवे. दुव्यावर रक्कम आणि वेळ.

पायरी १: आधी प्रश्न लिहा, मग डेटा पाहा

डेटाबेसला विचारायचे खरे दहा-बारा प्रश्न साध्या मराठीत कागदावर उतरवा. प्रत्येकापुढे पाच नोंदी हव्यात. सुरुवात कुठून होते (एका ठराविक नोडपासून की हजारो नोडपासून), किती उड्या म्हणजे हॉप, दुव्याच्या दिशेने की उलट दिशेने, वाटेत कुठली गाळणी लागते, आणि शेवटी काय हवंय: फक्त हो-नाही, नोडची यादी, की संपूर्ण वाट.

आपल्या उदाहरणात ते असे दिसतील. 'या खात्याच्या उपकरणावरून आणखी कुठली खाती चालतात?' दोन उड्या, पहिली सरळ, दुसरी उलटी, उत्तर यादी. 'या खात्यातून निघालेले पैसे तीन व्यवहारांच्या आत एखाद्या गोठवलेल्या खात्यात पोहोचतात का?' तीन उड्या, सगळ्या सरळ, उत्तर हो-नाही. 'ही दोन खाती एकमेकांशी कशी जोडलेली आहेत?' उड्या किती ते माहीत नाही, उत्तर वाट. 'सगळ्या ग्राफमध्ये एकमेकांत घट्ट गुंतलेले गट कुठले?' हा प्रश्न मात्र याच क्षणी वेगळा काढून ठेवा. तो सगळ्या नोडना हात लावतो. रोजच्या व्यवहारांच्या इंटरफेसवर तो चालवला तर बाकीच्या क्वेरी अडकून पडतात. त्यासाठी नेपच्यून अ‍ॅनालिटिक्स, निओफोरजेची ग्राफ डेटा सायन्स लायब्ररी किंवा स्पार्कवरचं ग्राफफ्रेम्स अशी वेगळी व्यवस्था लागते.

आता फाट्यांचा हिशोब. एका नोडला सरासरी ३० दुवे असतील तर दुसऱ्या उडीला ९००, तिसऱ्या उडीला २७,००० आणि चौथ्या उडीला ८,१०,००० दुवे तपासावे लागतात. पण सरासरीवर विसंबू नका. दुव्यांच्या यादीतून प्रत्येक नोडचे दुवे मोजा आणि मध्यक, ९९वं शतमान (९९ टक्के नोड ज्याच्या खाली येतात तो आकडा) आणि कमाल हे तीन आकडे लिहून काढा. मध्यक ४ आणि कमाल २ लाख अशी जोडी निघणं अजिबात दुर्मीळ नाही: एखादं सार्वजनिक उपकरण, एखादं मोठ्या व्यापाऱ्याचं खातं. याला सुपरनोड म्हणतात. चाचणीत भरधाव चालणारी क्वेरी प्रत्यक्ष वापरात पडते ती बहुतेकदा याच्यापायी, कारण चाचणीच्या डेटात सुपरनोड नव्हताच.

पायरी २: ग्राफ इंटरफेस खरंच लागतो का?

प्रश्नांची यादी समोर ठेवून हे स्वतःला प्रामाणिकपणे विचारा. सगळे प्रश्न एक-दोन उड्यांचे असतील आणि उड्यांची संख्या आधीच ठरलेली असेल तर साधी एसक्यूएल जोडणी पुरते. कर्मचारी आणि वरिष्ठ, वर्ग आणि उपवर्ग अशा झाडासारख्या रचनेलाही रिलेशनल (टेबलांच्या) डेटाबेसमधली रिकर्सिव्ह, म्हणजे आपल्याच उत्तरावर पुन्हा पुन्हा चालणारी, क्वेरी चालते.

पोस्टग्रेस या रिलेशनल डेटाबेसमध्ये रिकर्सिव्ह क्वेरी लिहिताना एक फसगत नेहमी होते. 'युनियन ऑल' वापरलं आणि डेटात चक्र असलं तर क्वेरी थांबतच नाही. म्हणून लोक 'युनियन' वापरतात. ते पुन्हा आलेल्या ओळी गाळतं. पण त्याच ओळीत खोलीचा आकडा ठेवला की प्रत्येक फेरीत तो वाढतो, ओळ दर वेळी वेगळी ठरते आणि गाळणी निकामी होते. आवृत्ती १४ पासून पोस्टग्रेसमध्ये 'सायकल' हे कलम आलं आहे. ते वापरा आणि शिवाय खोलीवर मर्यादा घाला.

मोंगोडीबीत डेटा आधीच असेल तर 'ग्राफलुकअप' हा टप्पा वापरून पाहता येतो. त्याच्या स्मृतीला १०० मेगाबाइटची मर्यादा आहे आणि 'मॅक्सडेप्थ' शून्यापासून मोजली जाते: शून्य म्हणजे एक उडी, दोन म्हणजे तीन. शेजारच्यांना ज्या क्षेत्रावरून शोधायचं त्यावर इंडेक्स (शोध वेगवान करणारी सूची) नसेल तर दर फेरीला संपूर्ण कलेक्शन वाचलं जातं. अ‍ॅमेझॉनच्या डायनॅमोडीबीत एकाच टेबलात नोड आणि दुवे ठेवायची पद्धत आहे: पार्टिशन की (नोंद कुठल्या तुकड्यात, म्हणजे पार्टिशनमध्ये, जाईल ते ठरवणारं मूल्य) म्हणजे नोड, सॉर्ट की (त्या तुकड्यातला क्रम ठरवणारं मूल्य) म्हणजे दुवा. उलट्या दिशेसाठी ग्लोबल सेकंडरी इंडेक्स लागतो आणि त्यावरचं वाचन किंचित शिळं असू शकतं. एक उडी तिथे फार वेगाने होते. पुढची प्रत्येक उडी तुमच्या कोडमधून नवी फेरी मारून करायची. दोन उड्यांपर्यंत ठीक, त्यापुढे आपणच अर्धवट ग्राफ इंजिन लिहायला बसल्यासारखं होतं.

आपल्या उदाहरणात 'कशी जोडलेली आहेत' हा प्रश्न आहे, उड्यांची संख्या बदलती आहे आणि दुव्यांवर माहिती आहे. ग्राफ इंटरफेस लागतो.

पायरी ३: प्रॉपर्टी ग्राफ की आरडीएफ?

हा निर्णय बहुतेकांचा पाच मिनिटांत होतो. दुव्यावर रक्कम, वेळ, विश्वासार्हता असं काही ठेवायचं असेल तर प्रॉपर्टी ग्राफ, म्हणजे ज्यात नोड आणि दुवे दोघांवरही गुणधर्म ठेवता येतात तो. आरडीएफ या मांडणीत प्रत्येक विधान तीन पदांचं (कर्ता, संबंध, कर्म) असतं. दुव्यालाच गुणधर्म चिकटवायचे तर मधे एक जादा नोड आणावा लागतो किंवा विधानाबद्दल विधान करावं लागतं, आणि क्वेरी लांबत जातात.

आरडीएफ आणि स्पार्कल शोभतात ते वेगवेगळ्या संस्थांची माहिती एकत्र आणताना. प्रत्येक गोष्टीला जगभर चालणारी ओळख आहे, शब्दसंग्रह प्रमाणित आहेत, 'औषध', 'आजार', 'जनुक' यांची वर्गीकरणं आधीच कुणीतरी बांधली आहेत, अशा ठिकाणी. स्पार्कल १.१ हे २०१३ पासून डब्ल्यूथ्रीसी या वेबची प्रमाणं ठरवणाऱ्या संस्थेचं प्रमाण आहे, त्यामुळे क्वेरी एका सेवेवरून दुसरीकडे नेणं त्यात तुलनेने सोपं जातं.

नेपच्यूनबाबत एक गैरसमज आढळतो. ग्रेमलिनने भरलेला डेटा ओपनसायफरने वाचता येतो, कारण दोन्ही एकाच प्रॉपर्टी ग्राफवर चालतात. स्पार्कलला मात्र तो दिसत नाही. एकाच क्लस्टरमध्ये (सर्व्हरच्या गटात) दोन्ही प्रकार नांदतात, पण त्यांच्यामध्ये भिंत असते. 'आत्ता ग्रेमलिन घेऊ, नंतर स्पार्कल लावू' हा बेत तिथे जमत नाही.

पायरी ४: भाषेचा अर्थ तपासा, रूप नव्हे

ग्रेमलिन ही चालण्याची भाषा आहे: इथून निघ, या दुव्याने जा, गाळ, पुन्हा जा. क्वेरी कुठल्या क्रमाने चालेल ते बरंचसं तुम्हीच ठरवता. सायफर ही नमुन्याची भाषा. हवी ती आकृती काढून दाखवायची, वाट डेटाबेसचा नियोजक शोधतो. एसक्यूएल येणाऱ्या चमूला सायफर लवकर वळते. ग्रेमलिनला सराव लागतो आणि सहा महिन्यांनी आपलीच लांब क्वेरी वाचताना घाम फुटतो. एप्रिल २०२४ मध्ये आयएसओने जीक्यूएल ही ग्राफ क्वेरीची प्रमाणित भाषा आयएसओ/आयईसी ३९०७५ या क्रमांकाने प्रसिद्ध केली. तिचा चेहरामोहरा बराचसा सायफरचा आहे. शिकण्यात वेळ घालवायचाच असेल आणि दुसरी कुठली अडचण नसेल तर आज सायफरच्या कुळातली भाषा शिकणं शहाणपणाचं.

पण खरा धोका वेगळाच आहे. तोच प्रश्न वेगवेगळ्या भाषांत वेगवेगळी उत्तरं देतो आणि चूक कुठेच दिसत नाही. तीन उड्यांची वाट विचारली तर सायफर एकाच नमुन्यात तोच दुवा दोनदा वापरत नाही. नोड पुन्हा येऊ शकतो, दुवा नाही. ग्रेमलिनमधल्या 'रिपीट'ला असलं बंधन नाही. दिशा न पाहता चालायला सांगितलं तर ते अ पासून ब कडे, ब पासून पुन्हा अ कडे आणि परत ब कडे जाऊन त्याला तीन उड्या म्हणेल. तिथे 'सिम्पलपाथ' स्वतः लिहावं लागतं. स्पार्कलमधली तारांकित वाट फक्त 'पोहोचता येतं की नाही' एवढंच सांगते; किती उड्यांत आणि कुठल्या वाटेने हे त्यातून मिळत नाही. म्हणजे 'ही दोन खाती कशी जोडलेली आहेत' हा आपला प्रश्न स्पार्कलमध्ये सरळ विचारताच येत नाही. जीक्यूएलमध्ये वाटेचा प्रकार क्वेरीतच सांगता येतो: वॉक म्हटलं तर काहीही पुन्हा चालेल, ट्रेल म्हटलं तर दुवा पुन्हा नको, अ‍ॅसायक्लिक म्हटलं तर नोड पुन्हा नको.

याची चाचणी हातानेच करा. पाच नोड, सात दुवे आणि त्यात एक चक्र असा छोटा ग्राफ कागदावर काढा. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर स्वतः मोजा. मग उमेदवार भाषांमध्ये तोच प्रश्न लिहून आकडा जुळतो का पाहा. अर्ध्या दिवसाचं काम आहे आणि ते वगळलं तर फसवणुकीच्या अहवालात तेच खाते दोनदा मोजलं गेल्याचं फार उशिरा ध्यानात येतं.

पायरी ५: एकच भाषा, पण खाली वेगळी जमीन

ग्रेमलिन ही अपाची टिंकरपॉप प्रकल्पाची भाषा. कॉसमॉस डीबी आणि नेपच्यून दोन्ही ती बोलतात, म्हणून 'आज इथे, उद्या तिथे' असं वाटतं. तपशिलात उतरलं की दोन्ही किती वेगळे आहेत ते कळतं.

कॉसमॉस डीबीत प्रत्येक नोडला पार्टिशन की लागते. ग्राफ तयार करताना ती ठरते आणि नंतर बदलत नाही. 'आयडी' किंवा 'लेबल' या क्षेत्रांना ग्रेमलिनमध्ये पार्टिशन की करता येत नाही, स्वतंत्र गुणधर्म ठेवावा लागतो. एका की-मूल्याखाली २० गिगाबाइटपर्यंत डेटा मावतो आणि एक नोड किंवा दुवा २ मेगाबाइटपेक्षा मोठा चालत नाही. की निवडताना दोन चुका नेहमी होतात. पहिली, देश किंवा खात्याचा प्रकार अशी मोजकीच मूल्यं असलेली की घेणं. मग सगळा भार दोन-चार पार्टिशनवर येतो आणि एकूण क्षमता शिल्लक असूनही विनंत्या नाकारल्या जातात. दुसरी चूक उलट टोकाची: प्रत्येक नोडला वेगळी की. लिहिणं छान पसरतं, पण प्रत्येक उडी दुसऱ्या पार्टिशनवर जाते. आपल्या उदाहरणात खातं आणि त्याचे थेट तपशील यांना खात्याचाच क्रमांक की म्हणून द्यावा. उपकरणाला उपकरणाचा.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे दिशा. कॉसमॉस डीबीत दुवा त्याच्या उगमाच्या नोडसोबत, त्याच्याच पार्टिशनमध्ये साठवला जातो. खात्यापासून उपकरणाकडे 'आउट'ने जाणं स्वस्त, कारण दुवे तिथेच शेजारी पडलेले असतात. उपकरणापासून खात्यांकडे 'इन'ने जाताना मात्र ते दुवे कुठल्या पार्टिशनमध्ये आहेत हे ठाऊक नसतं आणि सगळीकडे विचारावं लागतं. पार्टिशन थोडी असताना फरक जाणवत नाही, डेटा वाढला की तीच क्वेरी महागते. पायरी १ मधली दिशेची नोंद इथे कामाला येते. उलटी उडी वारंवार लागत असेल तर उलट दिशेचा दुवाही वेगळा लिहून ठेवा: 'वापरतं' सोबत 'वापरलं जातं'. लिहिण्याचा खर्च दुप्पट होतो, वाचणं स्वस्त होतं. आता मेख अशी की इथे डेटाबेसचे व्यवहार, म्हणजे अनेक बदल एकतर सगळे नाहीतर एकही नाही असे लिहिणारी ट्रान्झॅक्शन, नाहीत. दोनपैकी एक दुवा लिहिला गेला आणि दुसरा राहिला, असं होऊ शकतं. म्हणून दोन्ही दुव्यांना ठराविक सूत्राने आयडी द्या, म्हणजे लिहिणं पुन्हा चालवलं तरी नवा दुवा तयार होत नाही, आणि रात्री एकदा अर्धवट जोड्या शोधणारी तपासणी चालवा.

सुरुवातीचा नोड घेताना पार्टिशन की आणि आयडी अशी जोडी द्या. नुसता आयडी दिला तर पहिल्याच पावलाला सगळी पार्टिशन धुंडाळली जातात. ग्रेमलिनमधला 'मॅच' हा टप्पा इथे उपलब्ध नाही. क्वेरी मजकूर म्हणून पाठवावी लागते, बाइटकोड (ड्रायव्हरने आधीच भाषांतरित केलेली क्वेरी) चालत नाही, आणि सिरियलायझर, म्हणजे डेटा पाठवायची मांडणी, ग्राफसनची दुसरी आवृत्ती हवी. नव्या ड्रायव्हरची तिसऱ्या आवृत्तीची पूर्वनिर्धारित मांडणी तशीच ठेवली की जोडणी होते आणि पहिल्याच क्वेरीला त्रुटी येते. क्वेरी मजकूर असल्यामुळे वापरकर्त्याकडून आलेली मूल्यं त्यात चिकटवू नका, बाइंडिंग वापरा, म्हणजे मूल्यं क्वेरीपासून वेगळी पाठवा.

नेपच्यूनची जमीन वेगळी. पार्टिशन की नाही. डेटाच्या सहा प्रती तीन उपलब्धता-विभागांत राहतात, लिहिणारा सर्व्हर एकच, वाचणारे १५ पर्यंत. ट्रान्झॅक्शन आहेत, बाइटकोड चालतो, पोर्ट ८१८२. वाचणाऱ्या प्रतींवर माहिती किंचित मागे असते. आत्ताच लिहिलेलं लगेच वाचायचं असेल तर मुख्य एंडपॉइंटवरूनच (लिहिणाऱ्या सर्व्हरच्या पत्त्यावरूनच) वाचा. क्लस्टर साधारणपणे खासगी नेटवर्कच्या म्हणजे व्हीपीसीच्या आत असतो, त्यामुळे स्वतःच्या लॅपटॉपवरून जोडायला बोगदा लागतो. पहिल्या दिवसाचा निम्मा वेळ यातच जातो.

नेपच्यूनवर ग्रेमलिनने गुणधर्म लिहिताना एक गोम आहे. कार्डिनॅलिटी (एका गुणधर्माला एक मूल्य की अनेक) सांगितली नाही तर ती 'सेट', म्हणजे अनेक, धरली जाते. खात्याची स्थिती 'सक्रिय' होती आणि तुम्ही 'गोठवलेलं' असं लिहिलंत तर जुनं मूल्य जात नाही; दोन्ही राहतात. खातं एकाच वेळी सक्रियही दिसतं आणि गोठवलेलंही. प्रत्येक वेळी 'सिंगल' लिहा. ओपनसायफरच्या 'सेट' या आज्ञेत ही अडचण नाही. नावाच्या साम्याने गोंधळ मात्र होतो. शिवाय नेपच्यूनचे नेहमीचे इंडेक्स तीन असतात. दुव्याचं नाव न देता उलट दिशेने चालायला सांगितलं आणि दुव्यांचे प्रकार शेकडो-हजारो असले तर प्रत्येक प्रकार तपासावा लागतो. उपाय साधा: 'इन' लिहिताना दुव्याचं नाव नेहमी द्या. ही सवय कुठल्याही सेवेवर उपयोगीच.

समांतर लिहिणाऱ्या प्रक्रिया एकाच नोडला भिडल्या की नेपच्यून 'कंकरंट मॉडिफिकेशन' अशी त्रुटी देतो. ती यायचीच. थोडं थांबून, प्रत्येक वेळी जास्त थांबून, पुन्हा प्रयत्न करायचं कोड पहिल्या दिवसापासून ठेवा.

निओफोरजे ऑरामध्ये प्रत्येक नोडपाशी त्याच्या दुव्यांचे थेट पत्ते असतात, त्यामुळे खोल उड्या आणि वाटांचे प्रश्न तिथे सहज बसतात. सरळ-उलट दोन्ही दिशांना किंमत जवळपास सारखी. बोल्ट प्रोटोकॉल, पोर्ट ७६८७. तिथली हमखास चूक 'मर्ज'ची, म्हणजे 'असेल तर तेच घे, नसेल तर बनव' या आज्ञेची. खात्याच्या क्रमांकावर एकमेवतेचं बंधन न घालता 'मर्ज' वापरलं तर दोन समांतर विनंत्या तोच नोड दोनदा तयार करतात. दुसरी चूक: खातं, दुवा आणि उपकरण असा अख्खा नमुना एकाच 'मर्ज'मध्ये देणं. त्यातलं काहीही एक नसलं तर तो संपूर्ण नमुना नव्याने बनवतो, आधी असलेलं खातंसुद्धा. आधी दोन्ही नोड वेगवेगळे मर्ज करा, मग दुवा.

स्पॅनर ग्राफ अशा ठिकाणी पाहावा जिथे डेटा आधीच टेबलांत आहे आणि एसक्यूएल सोडायची नाही. टेबलं तशीच राहतात. कुठलं टेबल नोडचं आणि कुठलं दुव्याचं एवढं जाहीर करायचं की त्यावर जीक्यूएल चालते. दुव्याचं टेबल उगमाच्या टेबलात इंटरलीव्ह केलं, म्हणजे त्यांच्या ओळी शेजारी-शेजारी साठवल्या, तर सरळ उडी स्वस्त होते, उलट्या उडीसाठी वेगळा इंडेक्स करायचा. म्हणजे दिशेचा प्रश्न इथेही सुटलेला नाही, फक्त तो एका इंडेक्सवर भागतो आणि तो इंडेक्स डेटाबेस स्वतः सांभाळतो. कॉसमॉस डीबीत तोच भार तुमच्या कोडवर पडतो. ही सोय स्पॅनरच्या एंटरप्राइझ आणि त्यावरच्या आवृत्तीतच मिळते, हे अंदाजपत्रक करताना धरा.

पायरी ६: मोजून पाहा

दोन उमेदवार उरले की प्रत्यक्ष चाचणी. तिघांची चाचणी करत बसू नका, तिसरा नेहमी अर्धवट राहतो.

डेटा किती घ्यावा? अंदाजे १० लाख नोड आणि ५० लाख ते १ कोटी दुवे पुरतात, पण फाट्यांचं वितरण खऱ्यासारखं हवं. यादृच्छिक पद्धतीने दुवे जोडले तर प्रत्येक नोडला जवळपास सारखेच दुवे येतात आणि सुपरनोड गायब होतात. म्हणून खऱ्या डेटाचा तुकडा घ्या आणि त्यातल्या ओळखी बदला. तुकडा काढतानाही यादृच्छिक नोड उचलू नका, त्यामुळे दुवे तुटतात. काही नोड निवडून त्यांच्यापासून तीन उड्यांपर्यंतचं सगळं घ्या, आणि किमान तीन सुपरनोड मुद्दाम सामील करा.

भरण्याची पद्धतही चाचणीचा भाग. नेपच्यूनचा बल्क लोडर एस-थ्री या अ‍ॅमेझॉनच्या फाइल-साठ्यातून सीएसव्ही घेतो. बकेट (तिथली साठवणीची जागा) त्याच रीजनमध्ये हवी, भूमिकेला वाचण्याची परवानगी हवी आणि व्हीपीसीतून एस-थ्रीकडे एंडपॉइंट हवा. तिन्हींपैकी एक विसरलं की लोडर नुसतं अपयश कळवतो. ऑरावर हजारो ओळींचे गठ्ठे करून 'अनवाइंड'ने, म्हणजे यादी ओळींत उलगडणाऱ्या आज्ञेने, लिहा; एकेक ओळ पाठवली तर रात्रभर भरत बसावं लागेल. कुठेही आधी नोड, मग दुवे.

आता प्रत्येक प्रश्न तीन प्रकारच्या सुरुवातीच्या नोडवर चालवा: मध्यक दुव्यांचा, ९९व्या शतमानाचा आणि सुपरनोड. प्रत्येकी किमान १०० वेळा, पहिल्या काही फेऱ्या वेगळ्या ठेवून, कारण तेव्हा कॅश थंड असतो. सरासरी लिहू नका, ९५वं शतमान लिहा. मग तीच क्वेरी समांतर २०, ५०, १०० जोडण्यांवर. सोबत योजना तपासा. कॉसमॉस डीबीत क्वेरीच्या शेवटी 'एक्झिक्युशन प्रोफाइल' जोडलं की प्रत्येक टप्प्याला किती वेळ गेला आणि किती पार्टिशनकडे विचारणा झाली ते दिसतं. नेपच्यूनला 'एक्स्प्लेन' आणि 'प्रोफाइल' असे वेगळे एंडपॉइंट आहेत. सायफरमध्ये क्वेरीआधी 'प्रोफाइल' लिहायचं आणि 'डीबी हिट्स'चा, म्हणजे साठवलेल्या डेटाला किती वेळा हात लावला त्याचा, आकडा पाहायचा. सुरुवातीलाच सगळे नोड वाचणारा टप्पा दिसला तर इंडेक्स नाही किंवा लेबल द्यायचं राहिलं आहे.

वेळमर्यादाही ध्यानात घ्या. कॉसमॉस डीबीच्या ग्रेमलिनला ३० सेकंद आणि 'रिपीट'च्या ३२ फेऱ्या अशी सीमा आहे. नेपच्यूनची पूर्वनिर्धारित वेळमर्यादा २ मिनिटं, ती पॅरामीटरमधून बदलता येते. पण समोर वापरकर्ता थांबलेला असेल तर या दोन्ही मर्यादा फारच सैल आहेत. स्वतःची मर्यादा २ सेकंद ठेवा आणि सुपरनोडवरून पुढे जाण्याआधी दुव्यांची संख्या छाटा: 'फक्त गेल्या ३० दिवसांतले' किंवा 'पहिले ५००'. छाटलं हे उत्तरासोबत नोंदवा, नाहीतर तपास करणाऱ्याला वाटेल की यापलीकडे काही नाहीच.

पायरी ७: खर्चाचा हिशोब

कॉसमॉस डीबी रिक्वेस्ट युनिटमध्ये पैसे घेतो. १ किलोबाइटचा एक नोड की आणि आयडीने वाचणं म्हणजे १ युनिट. ग्राफ क्वेरी याच्या कितीतरी पट खाते आणि प्रत्येक उत्तरासोबत तिचा आकडा येतो. तो नोंदवत जा. समजा आपली दोन उड्यांची क्वेरी ४५ युनिट घेते आणि गर्दीच्या वेळी सेकंदाला २०० विनंत्या येतात. झाले सेकंदाला ९,००० युनिट, फक्त एका प्रश्नासाठी. उलट्या दिशेने पार्टिशन धुंडाळावी लागल्यामुळे तीच क्वेरी १५० वर गेली तर ३०,०००. मघाच्या दिशेच्या निर्णयाची ही किंमत. क्षमता कमी पडली की ४२९ हा संकेत येतो आणि किती मिलिसेकंदांनी पुन्हा यावं तेही सांगितलं जातं. पूर्वनिर्धारित धोरणात प्रत्येक गुणधर्म इंडेक्स होतो. ज्यावर कधीच शोधणार नाही असे लांबलचक गुणधर्म वगळले की लिहिणं स्वस्त होतं.

नेपच्यून आणि ऑरामध्ये विनंतीमागे नव्हे, चालू असलेल्या यंत्राच्या आकारामागे पैसे. भार दिवसभर सारखा असेल तर हे बरं. दिवसातून दोन तासच भार असेल तर नेपच्यून सर्व्हरलेस पाहा. त्याची मोजणी एनसीयू या नेपच्यूनच्या क्षमता-एककात होते आणि एका एनसीयूमागे सुमारे २ गिगाबाइट स्मृती येते. पण किमान पातळी फार खाली ठेवली तर शांततेनंतरच्या पहिल्या क्वेरी मंद होतात, कारण बफर रिकामा झालेला असतो.

पायरी ८: परतीची वाट आधीच आखा

क्वेरी सगळ्या कोडभर विखरू देऊ नका. 'या खात्याची उपकरणं', 'या दोघांमधली सगळ्यात छोटी वाट' अशा नावांची कार्यं एकाच थरात ठेवा. इंटरफेस बदलला तर तोच थर बदलतो. पायरी १ मधली प्रश्नांची यादी म्हणजेच या कार्यांची यादी, आणि पायरी ४ मधला पाच नोडांचा ग्राफ म्हणजे त्यांची चाचणी.

नोड आणि दुव्यांचे आयडी डेटाबेसला तयार करू देऊ नका, स्वतः द्या. निओफोरजेचे अंतर्गत आयडी तर नोड पुसल्यावर पुन्हा वापरले जाऊ शकतात. ते बाहेरच्या कुठल्याही टेबलात साठवलेत की आज ना उद्या चुकीच्या खात्याकडे बोट दाखवतील. दर आठवड्याला दोन साध्या सीएसव्ही काढून ठेवा: एक नोडची, एक दुव्यांची, दुव्यात उगम, अंत, प्रकार आणि गुणधर्म. आणि महिन्यातून एकदा त्या दुसऱ्या उमेदवारावर खरोखर भरून पाहा, कारण तारखांची मांडणी, रिकामी मूल्यं आणि एकापेक्षा जास्त मूल्यांचे गुणधर्म यांतले घोळ नुसती फाइल पाहून दिसत नाहीत, भरताना दिसतात.